एक दिवसाआड येणारा देव

माझ्या दुकानात विकायला काहीच नव्हतं. लोक येत, बोटातून थेंबभर रक्त देत आणि दुसऱ्या दिवशी येऊन एक कागद घेऊन जात. एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत नाशकात पितळेची भांडी मिळत, जुन्या पापांची वासलात लावून मिळे, पण रक्त तपासून मिळतं ही बातमी फारशी कुणाच्या कानावर गेलेली नव्हती. मी गावात एका माडीवर खोली घेतली आणि पाटी लावली : ‘येथे रक्त, लघवी व थुंकी शास्त्रोक्त पद्धतीने तपासून मिळेल.’ पहिल्याच आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ चपला जिन्याखाली काढून वर आले आणि तोंड पूर्वेला करून बसू की उत्तरेला, असं विचारू लागले. मी म्हटलं, तोंड कुठंही करा, बोट इकडे करा.

मी शिकलेला डॉक्टर होतो, पण दवाखाना चालवायला जो गोड स्वभाव लागतो तो माझ्यापाशी नव्हता. रोगी आपली हकीकत आजोबांपासून सुरू करू लागला की माझं डोकं फिरे. रक्त बोलत नाही, म्हणून मी रक्ताकडे वळलो. त्यात मला सुख होतं. रक्ताच्या मागोमाग माणसं येतात हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

या अंकाचे संपादक म्हणतात, हिवतापाच्या तपासणीवर लिहा, पण वाचकांना हसू येईल असं लिहा. तसं लिहायचं तर मला तांबट आळीतल्या देवाबद्दलच लिहावं लागेल. त्याआधी धंदा थोडा समजावून सांगतो, म्हणजे पुढे कुणाचा गोंधळ व्हायला नको.

हिवतापाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशींत घर करून राहतात. ते पाहायचे तर बोटाला सुई टोचायची, थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या काचेनं तो पातळ ओढायचा, वाळवायचा, त्यावर रंग घालायचा, धुवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. माझा सूक्ष्मदर्शक खिडकीत असे, कारण उजेड सूर्याचा. ढग आले की धंदा बंद. रंग जुना झाला की त्याचे कण काचेवर बसतात आणि हुबेहूब जंतूंसारखे दिसतात. मुंग्यांना वाळलेलं रक्त फार आवडतं. एका वकीलसाहेबांची आख्खी काचपट्टी मुंग्यांनी चाटून पुसून साफ केली. पुन्हा बोट द्या म्हणून सांगायला गेलो, तर ही फिर्याद मुंग्यांवर लावायची की माझ्यावर, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला.

आणि मुख्य अडचण वेगळीच. जंतू दिसले तर ते आहेत, यात वाद नाही. दिसले नाहीत तर? कधी ते फार थोडे असतात. कधी रोग्यानं आदल्या दिवशी कोयनेल, म्हणजे क्विनीन, घेतलेलं असतं आणि ते लपून बसलेले असतात. बायका सुपात तांदूळ निवडतात तसंच आहे हे. खडा हाताला लागला तर तांदळात खडा होता हे नक्की. हाताला लागला नाही तर तो नव्हता की दाताखाली यायचा आहे, ते जेवायला बसल्यावर कळतं. पण हे लोकांना पटत नसे. त्यांना ‘आहे’ किंवा ‘नाही’ हवं असे. मी ‘दिसले नाहीत’ म्हणालो की ते ‘नाहीत’ एवढंच ऐकून जिना उतरत.

तर एके सकाळी सगुणाबाई माडीवर आली. तिशीच्या आतबाहेरची, हातावर ठिणग्यांचे बारीक डाग, आवाज ठणठणीत. ती तांबटाच्या घरातली आहे हे सांगावं लागलं नाही.

“डॉक्टरसाहेब, देव असेल तर रक्तात दिसतो का?”

मी म्हटलं, “देव कुठंही असतो म्हणतात. मला अजून दिसला नाही.”

“आणि हिवताप?”

“तो दिसतो. असला तर आणि नशीब असलं तर.”

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा, म्हणजे रामजी तांबटाचे थोरले (नाव घ्यायचं नाही म्हणून ती इतकंच म्हणाली, गोविंदा हे नाव मला नंतर कळलं), पावसाळ्याच्या शेवटी पेठ गावच्या बाजारात भांडी विकायला गेला होता. तिथून आल्यावर पंधरवड्यात त्याच्या अंगात यायला लागलं. एक दिवसाआड, दुपार कलली की अंग थडथड हलायचं, दात वाजायचे, मग डोळे तांबडे व्हायचे आणि तो काहीबाही बोलायचा. संध्याकाळी घामानं भिजून गाढ झोपायचा. दुसरा दिवस मोकळा. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“आळीत म्हणतात देव येतो. कुठला येतो यावर दोन तट आहेत, पण येतो यावर एकमत आहे. आमचा कल्हईवाला रहमानभाई तेवढा म्हणाला, ‘भाभी, देव कधी घड्याळ बघून येतो का? आदमीला डॉक्टरकडे ने.’”

रहमानभाईला मी मनातल्या मनात सलाम केला.

“मग आणा त्यांना. टोचतो बोट.”

“आबाशेठ सोडतील तेव्हा ना!” ती म्हणाली आणि तिचा तो ठणठणीत आवाज एकदम बसला. “साहेब, माणूस निम्मा झालाय माझा. हातोडी उचलत नाही त्यांना. लोक पायावर डोकं ठेवून जातात, पण ते जेवले का, हे कुणी विचारत नाही. असंच चाललं तर देव राहील आणि माझा माणूस जाईल.”

आबाशेठ म्हणजे आळीतले मोठे. ठेंगणे, गोल, भांड्यांचं मोठं दुकान आणि त्याहून मोठी भक्ती. त्यांचा शब्द आळीत शेवटचा. मी त्याच दिवशी त्यांना भेटलो. त्यांनी मला पाटावर बसवून केशरी दूध दिलं, त्यामुळे मला त्यांच्यावर पुरेसं ओरडता आलं नाही.

“डॉक्टर, तुम्ही या गावातले. साऱ्या नाशकात पावलोपावली देव. त्यांच्या समया कोण घडवतं? घंटा, ताम्हनं, कलश कोण घडवतं? आमची आळी. पण आमच्या आळीत कधी कोण आला? पिढ्या गेल्या ठोकण्यात. आता आलाय, तर तुम्ही म्हणता डास चावला.”

माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांनी देवाच्या नावावर दुकान मांडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते मनापासून आनंदात होते, आणि अशा माणसाशी भांडायला फार त्रास होतो.

शेवटी त्यांनीच तोड काढली. रक्त तपासायचं. रक्तात किडे निघाले तर औषध सुरू, आळी काही बोलणार नाही. निघाले नाहीत तर देव, आणि मग सूनबाईनं कुरकुर करायची नाही. मी त्यांना तांदूळ आणि खड्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “आमच्या घरी तांदूळ बायका निवडतात. आम्हाला आहे की नाही तेवढं सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, मिशाळ, आडव्या हाडाचा तरुण माडीवर आला. ओलं धोतर, कपाळाला गंध, उजव्या हाताच्या बोटात दर्भाची अंगठी. दुसऱ्या गावात असा माणूस रक्त द्यायला आला असता तर मी चमकलो असतो. नाशकात अशी माणसं भाजी आणायलासुद्धा जातात.

“नाव?”

“गोविंदा रामजी तांबट.”

मी सुई घेतली. त्यानं डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली, मधेच तळहातावर चमचाभर पाणी मागून घेतलं आणि ते माझ्या कुंडीतल्या तुळशीत सोडलं. सुईला भिऊन लोक काय काय करतात ते मी पाहिलेलं होतं. एका फौजदारानं आईला हाक मारली होती. मी टोचलं, काचपट्टी केली, तो गेला.

ती काचपट्टी मी ऊन जाईपर्यंत पाहिली. काय रक्त होतं! दाट, तांबडंलाल, पेशी कशा गोल गरगरीत. त्या रक्ताला रोग माहीतच नव्हता. मला एकदा शंका आली खरी, की इतक्या दिवसांच्या आजाऱ्याचं रक्त असं कसं? पण डोळ्यांना दिसतं ते लिहायचं ही माझी शिस्त. मी लिहिलं : ‘हिवतापाचे जंतू आढळले नाहीत.’

त्या कागदाला आबाशेठनी चौकट करून घेतली, पितळेची, वर दोन मोर. ती गोविंदाच्या ओसरीवर लागली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवली जाऊ लागली. मनमाडपर्यंत बोलबाला झाला की नाशकात एक देव आहे आणि त्याच्यापाशी डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे. रेल्वेतली माणसं सुटी काढून यायला लागली. देवाला थंडी वाजते हे कळल्यावर लोक नवस बोलताना गोधडी बोलू लागले. सगुणाबाईच्या घरात गोधड्यांचा डोंगर झाला.

चार-सहा दिवसांनी ती माझ्याकडे आली. खुर्ची दिली तर बसली नाही.

“तुमच्या कागदानं माझा घात केला, साहेब.”

मी चिडलो. “बाई, मी काय करू? रक्तात नव्हते तर नव्हते. इतकं सुंदर रक्त मी वर्षात पाहिलं नाही. पैलवानाचं रक्त!”

“कुणाचं?”

“तुमच्या यजमानांचं.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “त्यांच्या नखाला लाली नाही, डोळे हळदीसारखे झालेत, आणि रक्त पैलवानाचं? कोण आलं होतं तुमच्याकडे?”

“उंच. मिशा. गालावर भाजल्याचा डाग.”

“अगं बाई,” ती खाली बसली. “ते आमचे भाऊजी!”

सखाराम, गोविंदाचा धाकटा भाऊ, खालीच उभा होता. वहिनीला सोबत म्हणून आला होता. त्याला वर बोलावलं. मला वाटलं होतं, पकडला गेला म्हणून पाया तरी पडेल. तो उलट माझ्यावरच रागावला.

“फसवलं म्हणता? मी दादाच्या वतीनं आलो होतो. रीतसर आंघोळ करून, संकल्प सोडून. अमुक गोत्र, अमुक नाव, माझ्या भावाच्या वतीनं हे रक्त देतो असं म्हणालो की नाही तुमच्यासमोर? पाणी सोडलं की नाही?”

“अरे पण रक्त तुझं!”

“मग? या गावात माणूस हजार कोसांवर अंथरुणाला खिळलेला असतो आणि इथे त्याच्या वतीनं दुसरा स्नान करतो. चालतं. दान चालतं. सगळं चालतं. रक्तच तेवढं का नाही चालत?”

 नाशकात राहून या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

“आबाशेठ म्हणाले, देव ज्या अंगात येतो त्या अंगाला लोखंड लावायचं नाही,” सखाराम आता जरा नरमला. “आणि साहेब, खरं सांगू का, दादाचं रक्त आता राहिलंय किती? त्यातलं पुन्हा तुम्हाला कशाला द्यायचं? माझ्याकडे भरपूर आहे.”

हे ऐकून वहिनीला रडू आलं आणि हसूही आलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. तपासणीच्या पुस्तकात चुकांची मोठी यादी असते. रंग जुना, काच मळकी, वेळ चुकीची, नजर थकलेली. भावानं मायेपोटी स्वतःचं बोट पुढं करणं त्या यादीत नाही.

तापाच्या पुढच्या पाळीच्या दिवशी दुपारी मी सामान घेऊन स्वतःच तांबट आळीत गेलो. ओसरी माणसांनी भरलेली. मधे गोधड्यांचा ढीग, आणि तो ढीग थडथडत होता. ढिगातून एक पिवळा, हाडकुळा चेहरा बाहेर आलेला. मी गोविंदाला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पोटाला हात लावून पाहिलं, तर पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बेंबीपर्यंत आलेली. थट्टेचा विषय नव्हता हा. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर सगुणाबाई म्हणाली होती तसंच झालं असतं.

थंडी उतरून ताप चढला तसा तो बरळू लागला. बिचाऱ्याच्या डोक्यात धंदाच होता. “बूड बसवा... बूड आधी बसवा...” एक शाळामास्तर बदलीचं विचारायला आले होते. त्यांनी हे ऐकून डोळे पुसले आणि आपण फार फिरतो, एका जागी बसत नाही, हे सगळ्यांसमोर कबूल केलं. एका बाईनं सून नांदत नाही म्हणून विचारलं. “कान कच्चे आहेत, पुन्हा झाळा, डाग द्या,” असं उत्तर आलं. ती सासू तोंड लपवून निघून गेली. हे मात्र मला पटलं.

मी सुई काढली. आबाशेठ आडवे आले.

“लोखंड नाही लावायचं, डॉक्टर.”

“मग कशानं टोचू? दर्भानं?”

माझा आवाज चढलेला पाहून लोक मागे सरकले. आबाशेठ हलले नाहीत. तेवढ्यात आतून ठक ठक आवाज आला. थोड्या वेळानं सगुणाबाई हातात काहीतरी घेऊन बाहेर आली. तांब्याची तार, टोकाला कानस मारलेली.

“हे तांबं आहे. पूजेला चालतं, तर याला चालेल,” ती आबाशेठना म्हणाली.

आबाशेठना तांब्याला नाही म्हणता येईना. तांबट आळीत तांब्याला नाही कोण म्हणणार? मी तार स्पिरिटच्या दिव्यावर धरून टोचली. ती वाकली. गोविंदाला टोचल्याचं कळलंसुद्धा नाही.

“तापवलीत ना, म्हणून मऊ पडली,” सगुणाबाई म्हणाली. “द्या इकडे.” ती आत गेली, गार तारेला हातोडीनं ठोकून ठोकून कडक केलं, पुन्हा धार दिली. या खेपेला मी ती जाळावर न धरता नुसत्या स्पिरिटात बुडवली आणि टोचली. गोविंदा “आई गं!” म्हणून ओरडला. देव आईला हाक मारतो हे ऐकून गर्दी गहिवरली.

रक्त फिक्कट, पाण्यासारखं आलं. मी दोन काचपट्ट्या केल्या. एक वाळायला खिडकीत ठेवली, दुसरी हातात धरून वारा घालू लागलो. वळून पाहतो तर खिडकीतल्या काचेवर हळदकुंकू, चार अक्षता आणि झेंडूची पाकळी. एक आजीबाई हात जोडून उभ्या.

“आजी, हे काय केलंत!”

“देवाचं रक्त ना बाबा? असं उघडं कसं ठेवायचं?”

उरलेली एक काच मी दोन्ही हातांत उंच धरली आणि निघालो. खिशात घातली तर पुसली जायची, खाली धरली तर कुणीतरी बेल वाहायचा. नाशकात कुणी माणूस दोन्ही हात वर करून चालू लागला आणि त्याच्यामागे शंभर माणसं असली, तर बाकीच्यांना विचारायची गरज वाटत नाही. ते सामील होतात. वाटेत टांगेवाल्यांनी घोडे थांबवले. दुकानदार उठून उभे राहिले. पोरींनी माझ्या पायावर पाणी घातलं. आळीतल्या लोकांनी येताना परातीसुद्धा आणल्या होत्या आणि त्या तालात वाजत होत्या. माशा वारायला सखाराम माझ्या डोक्यावर उपरणं फिरवत होता, ते चवरीसारखं दिसत असणार. समोरून माझे सासरे आले. त्यांनी मला पाहिलं, काचपट्टीला नमस्कार केला आणि बाजूच्या बोळात शिरले.

माडीवर पोचलो तेव्हा ऊन थोडंच उरलं होतं. रंग घातला, धुतला, वाळवला, तेलाचा थेंब टाकला. जिन्यावर, रस्त्यावर माणसं. मी भिंगाला डोळा लावला. काच सरकवली. आणखी सरकवली. आणि ते दिसले. एका पेशीत, मग शेजारच्या पेशीत, मग सगळीकडे. निळी बारीक वर्तुळं, प्रत्येकावर एक लाल ठिपका. मी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या परातींचा आवाज बंद पडला.

“या आबाशेठ! बघा तुमचा देव!”

आबाशेठ आले. पहिल्यांदा त्यांनी भलताच डोळा मिटला. मग त्यांना स्वतःच्या पापण्या दिसल्या आणि ते म्हणाले, दर्भ दिसतो. मी त्यांची मान धरून नीट बसवली. बराच वेळ ते भिंगाला डोळा लावून बसले. मग त्यांचा आवाज कापरा झाला.

“अंगठी... खड्याची अंगठी आहे हो! एक नाही, कितीतरी! लाल माणकाच्या!” त्यांनी डोळा काढला आणि सूक्ष्मदर्शकापुढे लोटांगण घातलं. “हे किडे असतील? देवाचे अलंकार आहेत हे!”

जिन्यावरून खाली, खालून रस्त्यावर बातमी गेली. जयजयकार झाला.  जंतू दिसले नाहीत म्हणून देव, आणि दिसले तरी देव! मग मी तपासलं काय? भिंगाची इतकी वर्षं सेवा केली, पण निकाल हाती असून असा हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी टेबलावर हात आपटून आबाशेठना काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

सगुणाबाई दारात उभी होती. ती ओरडली नाही. पुढे आली, आबाशेठना हात देऊन उठवलं.

“आबा, अलंकार तर अलंकार. मला एक सांगा. थंडी कुणाला वाजते? देवाला की ह्यांना?”

“देवाला,” आबाशेठ म्हणाले.

“ताप कुणाला येतो?”

“देवालाच की. तोच असतो ना अंगात.”

“मग देव आजारी आहे, आबा. एक दिवसाआड तुमच्या दारात येतो, थडथड कापतो, आणि तुम्ही त्याला सुनांच्या नि बदल्यांच्या गोष्टी विचारता. कुणी त्याला काढा दिला? कुणी कपाळावर पट्टी ठेवली?”

आबाशेठचा चेहरा पडला. त्यांच्या हे कधी मनातच आलं नव्हतं. आयुष्यभर वाट पाहिलेला पाहुणा आला, तो आजारी होता, आणि आपण त्याची सेवा सोडून त्याच्याकडे मागत बसलो. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “देवाला चालेल असं काही औषध आहे का?”

“कोयनेल,” मी म्हटलं. “झाडाच्या सालीचं असतं. सोवळ्यात चालतं.”

दुसऱ्या दिवसापासून देवाला कोयनेलचा नैवेद्य सुरू झाला. दिवसातून तीन वेळा, घंटा वाजवून. मात्रा मी ठरवायचो, आबाशेठ चांदीच्या वाटीतून भरवायचे, आणि गोविंदा तोंड वेडंवाकडं करायचा तेव्हा “घ्या महाराज, घ्या,” अशी विनवणी करायचे. प्रसाद म्हणून भक्तांनाही चिमूट चिमूट हवी होती. ज्यांना खरोखर ताप होता त्यांना रक्त पाहून मी पुरती मात्रा दिली, बाकीच्यांना नुसतं जिभेला लावायला. त्या आठवड्यात तांबट आळीत कुणाचंही तोंड सरळ नव्हतं.

आणि मग आठवडा संपता संपता ती पाळी आली. ओसरी भरलेली, गोधड्या तयार, मास्तर पुन्हा आलेले. दुपार कलली. गोविंदा मधे बसला. सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. हात स्थिर. कुणीतरी हळूच एक गोधडी घातली. त्याला घाम आला. आणखी वेळ गेला. मास्तरांनी धीर करून बदलीचं विचारलं.

गोविंदानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मला काय ठाऊक मास्तर? मी तांबट आहे.” मग इकडेतिकडे बघून आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, “अगं, एवढी माणसं का आलीत आपल्याकडे? आणि जेवायला काय आहे?”

 आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सगुणाबाई चुलीपुढे तोंडात पदर कोंबून रडत होती, हे मी उभा होतो तिथून दिसत होतं. लोक एकेक करून उठले. ज्याची त्याची गोधडी घेऊन गेले.

मी आठवड्यानं पुन्हा रक्त घेतलं. या खेपेला बोट गोविंदाचंच आहे, हे मी तीनदा खातरी करून पाहिलं. एकही वर्तुळ दिसलं नाही. कागद न्यायला सगुणाबाई आणि आबाशेठ दोघंही आले. आबाशेठ त्या आठवड्यात वाळले होते. ओसरीवरची चौकट त्यांनीच उतरवली होती.

“आढळले नाहीत,” मी म्हटलं. “आज, या थेंबात.”

“म्हणजे परत येईल?” दोघांनी एकदमच विचारलं.

शब्द तेच होते. एकीचा जीव त्या ‘परत’ शब्दाला घाबरत होता, आणि दुसऱ्याचा त्याच शब्दावर लटकलेला होता. मी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. खोटं कुणाशी बोलायचं? हा ताप काही महिन्यांनी उलटतो. नेहमी नाही, पण उलटतो. काच ते आधी सांगत नाही.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. मला वाटलं, दोघंही माझ्यावर तुटून पडणार.

आबाशेठ जिन्याच्या कठड्याला धरून उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरून थांबले, आणि तिथंच उभे राहून उपरण्यानं डोळे पुसू लागले. सगुणाबाई त्यांच्या मागे गेली.

“आबा,” ती म्हणाली, “आला परत, तर सगळ्यांत आधी तुम्हाला हाक मारीन. उशाशी तुम्हीच बसायचं. औषध मात्र मी देणार.”

आबाशेठनी मान डोलावली. मग तिचा हात धरून ते उरलेला जिना उतरले.